ध्वजांची रांग : अमेरिकेतील सैनिकांच्या अंत्यविधीला येणारे मोटारसायकलस्वार

अमेरिकेतील एखाद्या लहान गावात माजी सैनिकाचा अंत्यविधी असला, की चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना कातडी जाकिटे घातलेली, बहुतेक पन्नाशी-साठी उलटलेली माणसे हातात राष्ट्रध्वज धरून उभी दिसतात. मोटारसायकली पलीकडे ओळीने लावलेल्या असतात. वारा सुटला की ध्वजाचे कापड तोंडावर येते, ते एका हाताने बाजूला सारले जाते, पण जागा कोणी सोडत नाही. शववाहिका थांबते, रांगेच्या टोकाकडून हलक्या आवाजात आज्ञा होते आणि शवपेटी आत जाईपर्यंत कोणी एक शब्दही बोलत नाही. यांतील बहुतेकांनी मृत व्यक्तीला हयातीत कधी पाहिलेलेही नसते. पाहणाऱ्याला ही प्रथा फार जुनी वाटते; आजच्या स्वरूपात मात्र ती २००५ नंतरचीच आहे.

मोटारसायकल आणि माजी सैनिक यांचे नाते त्याहून जुने आहे. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या अनेक तरुणांनी दुचाकींचे क्लब काढले, आणि १९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी झालेल्या दंग्यानंतर दुचाकीस्वारांवर दांडगाईचा शिक्का बसला. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या वाट्याला स्वागत फारसे आले नाही. १९८८ पासून दरवर्षी मे महिन्यातील स्मृतिदिनाच्या सुमारास युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांची आठवण करून देण्यासाठी दुचाकीस्वार राजधानी वॉशिंग्टनमध्ये जमू लागले. त्यामुळे २००५ मध्ये गरज पडली तेव्हा माणसे आणि वाहने तयार होती, शिवाय एकमेकांना हाक घालण्याची सवयही होती.

ती गरज कॅन्ससमध्ये उभी राहिली. तेथील एका छोट्या चर्चचे लोक, बहुतेक एकाच कुटुंबातील, इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीस्थळी फलक घेऊन उभे राहू लागले. देश समलैंगिकांना सहन करतो म्हणून देव त्याच्या सैनिकांना मारतो, आणि हे मरण योग्यच आहे, असा त्या फलकांचा आशय असे. मुलाची शवपेटी घेऊन निघालेल्या आईवडिलांच्या दृष्टीस हे पडू नये, यासाठी कॅन्ससमधील काही दुचाकीस्वार माजी सैनिकांनी एक साधा उपाय शोधला : निदर्शक आणि कुटुंब यांच्या मध्ये ध्वज घेऊन उभे राहायचे, निदर्शकांकडे पाठ करायची, आणि घोषणा सुरू झाल्या की इंजिनांचा आवाज वाढवायचा. काही महिन्यांतच हा प्रकार देशभर पसरला.

दोन नियम सुरुवातीपासून पाळले गेले, आणि माझ्या मते ही प्रथा टिकली ती त्यांच्यामुळेच. कुटुंबाने बोलावल्याशिवाय जायचे नाही, हा पहिला. निदर्शकांशी एक शब्दही बोलायचा नाही, मग ते काहीही म्हणोत, हा दुसरा. सैन्यात असल्याची किंवा मोटारसायकल असल्याची अट कधीच नव्हती; चारचाकीतून येऊन रांगेत उभे राहिले तरी चालते.

याच काळात कायदाही हलला. २००६ च्या मे महिन्यात राष्ट्रीय दफनभूमींभोवती निदर्शनांना मनाई करणारा संघीय कायदा झाला : प्रवेशद्वारापासून ३०० फूट, आणि विधीच्या आधी व नंतर एकेक तास. पुढच्या काही वर्षांत चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे केले. मात्र या सगळ्या इतिहासात ज्यावर सर्वांत अधिक वाद झाला, आणि ज्याचा अर्थ आजही चुकीचा सांगितला जातो, तो सर्वोच्च न्यायालयाचा २ मार्च २०११ चा निकाल आहे.

इराकमध्ये मरण पावलेल्या एका वीस वर्षांच्या मरीन सैनिकाचा अंत्यविधी मार्च २००६ मध्ये मेरीलँडमधील वेस्टमिन्स्टर गावी झाला. त्या चर्चचे सात जण तेथे आले. त्यांनी आगाऊ सूचना दिली होती, पोलिसांनी दाखवलेल्या जागीच ते उभे राहिले, आणि ती जागा विधीच्या ठिकाणापासून सुमारे १००० फूट, म्हणजे ३०० मीटर लांब होती. वडिलांना त्या दिवशी फलकांचे फक्त वरचे टोक दिसले; त्यांवर काय लिहिले होते हे त्यांनी संध्याकाळी दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांत पाहिले. त्यांनी मानसिक छळाचा दावा लावला. २००७ मध्ये ज्यूरीने एक कोटी नऊ लाख डॉलरची भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती पन्नास लाखांवर आणली, आणि २००९ मध्ये अपील न्यायालयाने ती पूर्ण रद्द केली. एवढ्यावर हे थांबले नाही : ज्यांच्यामुळे दावा लावावा लागला, त्यांच्याच अपिलाचा १६,५१० डॉलरचा खर्च वडिलांनी द्यावा, असा आदेश झाला. कायद्याच्या दृष्टीने तो खर्चाचा नेहमीचा हिशेब असेल. पण मुलगा गमावलेल्या बापाकडे ते बिल गेले, ही गोष्ट दुचाकीस्वारांमध्ये निकालापेक्षाही अधिक काळ लक्षात राहिली.

सर्वोच्च न्यायालयात ४८ राज्ये वडिलांच्या बाजूने, तर वृत्तसंस्था आणि नागरी स्वातंत्र्यवादी दुसऱ्या बाजूने उभे राहिले. आठ विरुद्ध एक मतांनी निकाल निदर्शकांच्या बाजूने लागला. सार्वजनिक प्रश्नावर, सार्वजनिक जागेत, शांतपणे केलेले बोलणे कितीही दुखावणारे असले तरी त्यासाठी भरपाई वसूल करता येत नाही, असे बहुमताने म्हटले. एकट्या न्यायाधीशांनी वेगळे मत नोंदवले : दुःखात असलेल्या, सार्वजनिक जीवनात नसलेल्या माणसावर असा शाब्दिक हल्ला करण्याची मुभा मोकळ्या चर्चेसाठी लागत नाही. हे वेगळे मत मला अधिक माणुसकीचे वाटते. तरी निकालाचा आवाका समजून घेतला पाहिजे, कारण ‘न्यायालयाने अंत्यविधीवरच्या निदर्शनांना परवानगी दिली’ हे त्याचे सर्रास होणारे वर्णन बरोबर नाही. प्रश्न नुकसानभरपाईचा होता. अंतर आणि वेळ यांचे बंधन घालणारा मेरीलँडचा कायदा या घटनेनंतर झालेला असल्यामुळे न्यायालयाने तो तपासलाच नाही. हा मोकळा राहिलेला रस्ता संसदेने वापरला : ऑगस्ट २०१२ च्या कायद्याने एका तासाचे दोन तास झाले, आणि राष्ट्रीय दफनभूमीबाहेर होणाऱ्या सैनिकांच्या अंत्यविधींनाही ३०० फुटांचे संरक्षण मिळाले.

पुढे निदर्शक विरळ होत गेले. रांग मात्र राहिली, आणि ती का राहिली याचे कारण वेगळ्या ठिकाणी सापडते.

इंग्रजीतला ‘व्हेटरन’ हा शब्द येथे नीट पाहावा लागतो. आपल्याकडे माजी सैनिक म्हटले की निवृत्तिवेतन घेणारा फौजी डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तरुणपणी दोन वर्षे सैन्यात सक्तीने काढून पुढे आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूसही, बडतर्फीचा ठपका नसेल, तर व्हेटरनच असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुमारे एक कोटी साठ लाख लोक सैन्यात होते, आणि ती पिढी २००० च्या आसपास रोज हजाराहून अधिक संख्येने जात होती. जानेवारी २००० पासून अशा प्रत्येकाला किमान लष्करी मानवंदना देण्याचे बंधन आले : गणवेशातील दोन सैनिक, ध्वजाची घडी आणि ‘टॅप्स’ ही चोवीस स्वरांची बिगुलधून. बिगुल वाजवणारे इतके कमी होते की २००३ पासून आत ध्वनियंत्र बसवलेला बिगुल वापरायला मान्यता मिळाली. सैनिक तो ओठांना लावून उभा राहतो आणि धून आपोआप वाजते. दोन सैनिक आणि एक यंत्र, समोर चार नातेवाईक, असे ते दृश्य असे. ध्वज घेऊन उभी राहिलेली वीस माणसे तेथे काय करत होती, हे समजायला निदर्शकांची गरज नव्हती.

युद्धात गेलेल्यांच्या बाबतीतही बदल झाला. २००७ पासून पार्थिव प्रवासी विमानाच्या मालकप्प्यातून न पाठवता लष्कराने भाड्याने घेतलेल्या विमानाने कुटुंबाच्या जवळच्या विमानतळावर नेले जाऊ लागले, आणि दुचाकीस्वार त्या लहान धावपट्ट्यांवर वाट पाहू लागले.

मग बेवारस अस्थींचे काम आले. दहनानंतर कोणी न्यायला न आलेल्या अस्थींचे डबे कित्येक फ्युनरल होमच्या, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांच्या, फडताळांत वर्षानुवर्षे, काही तर अनेक दशके, पडून होते. स्वयंसेवकांनी फडताळांतली नावे उतरवून ती सरकारी नोंदींशी पडताळायला सुरुवात केली, आणि जे सैनिक निघाले त्यांच्या अस्थी दुचाकींच्या ताफ्यासह राष्ट्रीय किंवा राज्याच्या दफनभूमीत नेल्या. वारस नसलेल्या माजी सैनिकाच्या शवपेटीचा किंवा अस्थिकलशाचा खर्च सरकारने देण्याची तरतूद जानेवारी २०१३ मध्ये मंजूर झाली, ती या कामानंतर.

जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमधील किलीन येथे कुटुंबातील कोणी येण्याची शक्यता नसलेल्या एका माजी हवाईसैनिकाचा दफनविधी होता. दफनभूमीच्या व्यवस्थापनाने जमल्यास यावे एवढीच सूचना दिली होती. त्या दिवशी शेकडो अनोळखी लोक आले, आणि दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची रांग लागली. अशा विधीत घडी घातलेला तिकोनी ध्वज घ्यायला नातेवाईक नसतो. गणवेशातला सैनिक गुडघा टेकतो, देशाच्या वतीने कृतज्ञतेचे ठरलेले शब्द उच्चारतो, आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी पुढे होऊन तो ध्वज दोन्ही हातांत घेते.