एडीएचडीत मेंदू लहान असतो? आकडा आक्रसत कसा गेला

1996 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत झेवियर कास्तेयानोस आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता हा विकार) असलेल्या 57 आणि नसलेल्या 55 मुलग्यांचे एमआरआय मोजले. पहिल्या गटाच्या मोठ्या मेंदूचं आकारमान सरासरी 4.7 टक्क्यांनी कमी भरलं. 2002 मध्ये 152 विरुद्ध 139 मुलामुलींत तोच फरक 3.2 टक्क्यांवर आला. त्यातल्या 49 जणांनी औषध कधीच घेतलेलं नव्हतं, त्यामुळे सगळा फरक औषधाचाच, हा आक्षेप मागे पडला. 2017 मध्ये एनिग्मा या संशोधक गटाने 23 केंद्रांमधल्या एडीएचडी असलेल्या 1713 आणि नसलेल्या 1529 जणांची मोजमापं एकत्र केली. कोहेनचा d, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत, अमिग्डला या मेंदूच्या खोलवरच्या भागासाठी निघाला 0.19, कॉडेट या तशाच दुसऱ्या भागासाठी 0.11, कवटीच्या आतल्या एकूण आकारमानासाठी 0.10. प्रौढांमध्ये फरक टिकलाच नाही.

हे आकडे का घसरले, ते साध्या गणितातून दिसतं. दोन्ही गटांत 55-57 मुलं असतील, तर p 0.05 च्या खाली जायला, म्हणजे फरक निव्वळ योगायोग नाही असं संख्याशास्त्राने मानायला, d किमान 0.37 लागतो. खरा d 0.15 असेल, तर असा अभ्यास एक तर रिकाम्या हाताने परततो, नाही तर फरक दुपटीहून जास्त फुगवून सांगतो. छापून येण्याची शक्यता अर्थातच दुसऱ्याची जास्त. 0.15 चा फरक 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे 700 जण हवेत. शिवाय d 0.19 म्हणजे दोन्ही गटांचे आलेख 92 टक्के एकमेकांवर पडतात. एका मुलाचा स्कॅन पाहून निदान करता येईल, असा अर्थ त्यातून काढणं चूकच.

नमुना वाढवून मात्र एक दोष जात नाही: हालचाल. मेंदूची रचना दाखवणाऱ्या टी-वन या एमआरआय स्कॅनला पाचेक मिनिटं लागतात आणि चुळबुळ हे तर एडीएचडीचं लक्षणच. डोकं थोडं जरी हललं तरी करड्या आणि पांढऱ्या द्रव्यातली सीमा पुसट होते आणि सॉफ्टवेअर करडं द्रव्य कमी मोजतं. डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या स्कॅनमध्येही हे घडतं, हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. फार हललेले स्कॅन वगळावेत, तर सर्वांत चंचल मुलंच नमुन्यातून गळतात. त्यापेक्षा हालचालीचं माप समीकरणात घालून निकाल त्या मापासह आणि त्याविना, असा दोन्ही प्रकारे दाखवावा.

डोक्याच्या आकाराची दुरुस्ती हा आणखी एक चकवा. कॉडेटला कवटीच्या आकारमानाने भागणं सोपं, पण मोठ्या डोक्यात कॉडेट त्याच प्रमाणात वाढत नाही. भागाकारात मोठ्या डोक्यांचं कॉडेट उगाच लहान दिसतं. मुलग्यांची डोकी सरासरीने मोठी, निदानही त्यांच्यातच जास्त. गटांतलं मुलगे-मुलींचं प्रमाण जुळलं नाही, तर नुसत्या भागाकारातून 'फरक' उभा राहतो. म्हणून भागाकाराऐवजी कवटीचं आकारमान सहचल म्हणून, म्हणजे समीकरणातला वेगळा घटक म्हणून, घेतात. तेही निर्धोक नाही, कारण एडीएचडीत ते स्वतःच थोडं कमी असेल, तर खऱ्या फरकाचा काही भाग या दुरुस्तीतच जिरतो. त्यामुळे दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना असे दोन्ही आकडे न देणारा शोधनिबंध अर्धवटच म्हणायचा.