पाण्यात विरघळणारी भूल

झेब्राफिश या छोट्या पट्टेरी माशावर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत ट्रायकेन या भुलीच्या औषधाच्या पांढऱ्या भुकटीची बाटली सापडतेच. तिचे द्रावण पाण्यात घातले की मासा आधी जरा सैरभैर होतो, मग कलंडतो. थोड्या वेळाने शेपटीला चिमटा काढला तरी तो दाद देत नाही. कल्ल्यांवरचे झाकण तेवढे मंद हलत राहते. ना सुई, ना मास्क. पण हलत नसलेल्या प्राण्याला दुखतही नाही, हे कशावरून?

हा प्रश्न जुना आहे आणि तो बेडकापासून सुरू होतो. 19व्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी बेडकाच्या मागच्या पायांचा रक्तपुरवठा दोऱ्याने आवळून बंद केला, मज्जातंतू मोकळे ठेवले आणि क्युरारे टोचले. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेत बाणाच्या टोकाला लावायचे विष. बेडकाचा पुढचा भाग लुळा पडला. मात्र त्याच लुळ्या भागाला चिमटा काढला की विष न पोचलेले मागचे पाय झटका देत. म्हणजे बेडकाला सगळे कळत होते, हलता तेवढे येत नव्हते. हे कळल्यावरही क्युरारे देऊन प्रयोग होतच राहिले, याचे मला जास्त नवल वाटते. ब्रिटनने प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठीच्या 1876 च्या कायद्यात अखेर स्पष्टच लिहिले: क्युरारेला भुलीचे औषध मानायचे नाही. पृष्ठवंशी असल्याने मासे आणि बेडूकही त्या कायद्यात आले.

खरी भूल कशी चढते, याचा एक मोठा धागाही याच प्राण्यांनी दिला. मारबुर्गमध्ये हान्स मायर आणि झुरिचमध्ये अर्नेस्ट ओव्हरटन यांनी 1900 च्या आसपास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्ले, वेगवेगळ्या द्रावणांत सोडून पाहिले. जो पदार्थ तेलात जितका सहज विरघळे, तितका तो कमी मात्रेत टॅडपोलचे पोहणे थांबवी. स्वच्छ पाण्यात टाकले की पिल्ले पुन्हा वळवळू लागत.

पुढे बराच काळ अशा प्राण्यांना भूल द्यायला युरेथेन हे रसायन वापरात होते. 1943 मध्ये त्याने उंदरांच्या फुप्फुसांत गाठी होतात असे दिसले, आणि रोज त्या द्रावणात हात बुडवणाऱ्यांनाच धोका असल्याचे लक्षात आले.

ट्रायकेन, म्हणजेच एमएस-222, हे सँडोझ कंपनीचे. कोकेनला पर्याय म्हणून बधिरतेची औषधे शोधली जात होती, त्या काळातले. बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचाच हा भाऊबंद, पण पाण्यात सहज विरघळणारा. माशात तो कल्ल्यांतून शिरतो, बेडकात कातडीतून. म्हणून माशाला लिटरमागे 100-200 मिलिग्रॅम पुरते, तर प्रयोगशाळेतल्या मोठ्या झेनोपस बेडकाला ग्रॅमच्या हिशेबात लागते. खोड एकच: द्रावण आंबट होते. खायचा सोडा घालून तो आंबटपणा आधी मारावा लागतो, नाहीतर कल्ले आणि कातडी चुरचुरतात.

आणि सोडा घातला तरी माशांचे मत वेगळेच निघाले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, एरवी टाकीच्या उजळ बाजूला रमणाऱ्या झेब्राफिशना तिथेच भूल दिली. ट्रायकेन मिळालेले मासे नंतर त्या बाजूला फारसे फिरकेनात. लवंगेच्या तेलाची भूल मिळालेल्यांनी तितकी धास्ती घेतली नव्हती.