नी-कॅप (गुडघ्याचा पट्टा) न्यायच्या आधी एवढं वाचा

"संधिवाताची नी-कॅप द्या, मोठी द्या, आई जाड आहे." दुकानात आलेले असं सांगतात, पण गुडघ्याचं माप विचारलं तर माहीत नसतं. मग चार दिवसांनी तीच कॅप परत येते. सैल कॅप चालताना घसरून पोटरीवर उतरते. घट्ट असेल तर वळ उठतात, पायाला मुंग्या येतात. घामाने भिजलेली कॅप आम्ही बदलून देत नाही, यावरून बोलणी खातो. पण दुसऱ्याने वापरलेली तुम्ही तरी घ्याल का?

माप घेणं सोपं आहे. उभं राहून, पाय सरळ ठेवून, गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध टेप फिरवा, आवळू नका. साडीवरून किंवा पायजम्यावरून नको. दोन्ही गुडघ्यांचं माप सेंटीमीटरमध्ये लिहून आणा. एका कंपनीचं 'एल' दुसरीच्या 'एम'एवढं निघतं, म्हणून अक्षर सांगू नका, आकडा सांगा. पेशंटलाच आणलंत तर माप आम्ही घेऊ, त्याचे पैसे नाहीत.

आता कॅप कुणाला? उतारवयात झिजलेल्या, जिना चढता-उतरताना दुखणाऱ्या गुडघ्याला आधार मिळतो. झीज मात्र भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वजन घटवणं यांनीच खरा फरक पडतो: एक किलो वजन उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो. रात्री कॅप काढून झोपा.

दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही? तो आमवात असू शकतो. तिथे पट्ट्यांत महिने घालवू नका, सांधे वाकडे होण्याआधी औषध सुरू व्हायला हवं. सांगली-मिरजेत डॉक्टरांचा तोटा नाही. पायाचा अंगठा रात्रीत लालबुंद होऊन चादरसुद्धा सोसत नसेल तर बहुधा युरिक ॲसिड. ऐन दुखण्यात रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावर निर्धास्त राहू नका.

जाता जाता काठीचं. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बरेच लोक उलट्या हातात धरतात. उंची मनगटाच्या घडीपर्यंत, रोजची चप्पल घालून. आमच्याकडे उंची कमी-जास्त होणारी ॲल्युमिनियमची काठी आहे. खालचं रबर झिजलं की घेऊन या, तेवढंच बदलून मिळतं. कमोड खुर्ची महिन्याच्या भाड्यानेही देतो.