हातोडाफेक (महिला)

नावात हातोडा असला तरी फेकायचे साधन म्हणजे तारेच्या एका टोकाला अडकवलेला धातूचा गोळा. दुसऱ्या टोकाला धरायची मूठ असते. महिलांच्या हातोड्याचे वजन ४ किलो, गोळ्याचा व्यास ९५ ते ११० मिमी आणि मुठीच्या आतल्या कडेपासूनची एकूण लांबी जास्तीत जास्त ११९.५ सेंमी असते. १८ वर्षांखालील मुली ३ किलोचा हातोडा वापरतात. फेक २.१३५ मी. व्यासाच्या वर्तुळातून होते.

पुरुषांची हातोडाफेक १९०० पासून ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांचे जागतिक विक्रम मात्र १९९५ पासून मान्य होऊ लागले. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत, १९९९ च्या सेव्हिल जागतिक स्पर्धेत आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा प्रकार प्रथमच आला. सिडनीत पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्काने १७ व्या वर्षी ७१.१६ मी. फेकीवर सुवर्ण मिळवले. हे वय अपवादाचे. तिच्याच देशाच्या अनिता व्लोदार्चिकने ८२.९८ मी.चा जागतिक विक्रम २०१६ मध्ये केला, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. १५ व्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी विशीत थांबली, तर तिची खरी कारकीर्द सुरूच झालेली नसते.

तंत्र. उजव्या हाताची खेळाडू डाव्या हातात मोजा घालते, मूठ डाव्या बोटांच्या मधल्या पेरांवर धरते आणि वर उजवा हात ठेवते. फेकीच्या दिशेकडे पाठ करून दोन-तीन वेळा हातोडा डोक्याभोवती फिरवायचा, मग तीन किंवा चार गिरक्या. गिरकीत डावे पाऊल टाचेवर फिरते, तिथून बाहेरच्या कडेने चवड्यावर येते. उजवे पाऊल उचलून लवकर परत टेकवायचे. वेग प्रामुख्याने दोन्ही पाय जमिनीवर असताना वाढतो, म्हणून उजवे पाऊल उशिरा टेकले की ती गिरकी जवळजवळ वाया जाते.

ज्वारीच्या वावरात गोफण फिरवलेल्या मुलीला लय पटकन समजते, पण तीच सवय पुढे आडवी येते. गोफणीत शरीर जागेवर राहून हात काम करतो. हातोडाफेकीत हात म्हणजे तारेचीच वाढीव लांबी. ते ताठ आणि सैल हवेत. कोपर वाकवून ओढले की त्रिज्या कमी होते आणि त्यासोबत गोळ्याचा वेगही. ७० मी.च्या आसपासच्या फेकीत गोळा सुटताना सेकंदाला सुमारे २६ मी. वेगात असतो आणि तारेवर दीडशे किलोहून जास्त ओढ येते. ती ओढ गुडघे वाकवून, बूड खाली ठेवून पेलायची. कमरेत वाकून पेलली तर पाठ धरते. सोडायला उशीर झाला की हातोडा डावीकडे जातो, घाई झाली की उजवीकडे.

मैदान. विदर्भातल्या गावांत अडते ते इथे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर एक-दोन पावसाळ्यांत वर्तुळाला तडा जातो आणि त्या तड्यात टाच अडकून घोटा मुरगळतो. काळी माती खणून काढावी, मुरूम थराथराने धुमसून भरावा, त्यावर काँक्रीट घ्यावे. पृष्ठभाग कडेपेक्षा सुमारे २ सेंमी खाली असतो, त्यामुळे पाणी निघायला भोके ठेवावीत. फार गुळगुळीत घोटले तर पाय घसरतो, खरखरीत ठेवले तर गिरकी अडते.

हातोडा ज्यात पडायला हवा त्या क्षेत्राचा कोन ३४.९२ अंश असतो. तो आखायला कोनमापक लागत नाही: वर्तुळाच्या मध्यापासून २० मी.वर दोन रेषांत १२ मी. अंतर ठेवले की काम झाले. ओल्या काळ्या मातीत गोळा रुततो. तो उपसण्याआधी वर्तुळाकडची खूण मोजावी, नाहीतर खड्डा मोठा होऊन फेक लहान भरते. उपसताना तार ओढू नये. तिला पीळ पडतो आणि पुढच्या एखाद्या फेकीत ती तिथेच तुटते. फेकताना तार तुटली तर ती फेक धरत नाहीत, पुन्हा संधी मिळते. वापराने तार लांबते, म्हणून स्पर्धेआधी मोजून घ्यावी.

वर्तुळाभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात काटकसर नको. पिंजरा सेकंदाला ३२ मी. वेगाने येणारा पुरुषांचा ७.२६ किलोचा हातोडा अडवेल असा असावा, असा निकष आहे. पाखरांपासून पीक राखायची जाळी त्या जागी बांधणे म्हणजे जाळी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणसे जवळ उभी राहतात. पिंजरा नसेल तर पऱ्हाटी निघालेल्या मोकळ्या वावरात, एका वेळी एकीनेच फेकावे आणि बाकीच्यांनी लांब थांबावे. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी आठच्या आत संपवावा.

पुढची वाट. शालेय स्पर्धांची पायरी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी आहे. शारीरिक शिक्षणाचा वारसा विदर्भात जुना आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. तरीही आंतरराष्ट्रीय अंतर मोठे आहे. २०१७ मध्ये सरिता सिंहने ६५.२५ मी.चा राष्ट्रीय विक्रम केला. पॅरिस २०२४ च्या थेट प्रवेशाची मर्यादा होती ७४ मी. हे ८.७५ मी. नुसत्या ताकदीने भरून निघत नाहीत. बैठका आणि वजन उचलण्याचे व्यायाम लागतातच, पण ४ किलोसोबत जड आणि हलके हातोडे फेकून वेग व ताकद यांचा मेळ बसवायला वर्षे जातात.

या पातळीवर खाण्यापिण्याचीही जबाबदारी खेळाडूवरच येते. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताच्या मंजू बालाला कांस्य मिळाले. विजेती चीनची झांग वेनशिऊ उत्तेजक चाचणीत सापडल्याने ते रौप्य झाले. पुढे उत्तेजकाचा तो अंश दूषित अन्नातून आल्याचे मान्य होऊन झांगला सुवर्ण परत मिळाले आणि मंजूचे पदक पुन्हा कांस्य झाले.