लुई रिएल : देश फोडणारा की प्रांत घडवणारा?
कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी लुई रिएलच्या नावाने सुट्टी असते, आणि देश फोडायला निघालेल्या बंडखोराचा हा गौरव कशासाठी, हा आक्षेपही जुनाच आहे. वस्तुतः मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या मेटी समाजाच्या या पुढाऱ्याच्या हंगामी सरकारने वाटाघाटी केल्या, म्हणूनच १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत म्हणून कॅनडात सामील झाला. त्याच सरकारने थॉमस स्कॉट या कैद्याला गोळ्या घातल्या, हा डाग मात्र पुसता येत नाही. पुढे खासदार म्हणून निवडून आलेला रिएल, स्कॉट प्रकरणी अटकेची भीती असल्याने, १८७४ मध्ये गुपचूप राजधानी ओटावात शिरला, संसदेच्या नोंदवहीत सही करून पसार झाला (धाडस म्हणावे ते हेच!). रिएलला १८८५ मध्ये झालेली फाशी सस्कॅचेवान खोऱ्यातील नंतरच्या उठावाबद्दल होती. त्या खटल्यातही ज्यूरीने दोषी ठरवताना दयेची शिफारस केली होती.