वायर कनेक्टर

विजेच्या दोन किंवा अधिक तारांची टोके डाख न देता, केवळ यांत्रिक दाबाने एकमेकींशी जोडणारे साधन. त्यात प्रवाह वाहून नेणारा धातूचा भाग, तारेवर दाब धरून ठेवणारी रचना (स्क्रू, स्प्रिंग किंवा चेपलेली नळी) आणि बहुधा बाहेरून विद्युतरोधक आवरण असते. प्रकारानुसार वायरमन त्याला कनेक्टर, लग, थिंबल, क्लॅम्प अशी नावे देतात. स्विचबोर्डामागच्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यापासून उच्चदाब वाहिनीवरच्या लांब अ‍ॅल्युमिनियम नळीपर्यंत याच कुळातील साधने वापरली जातात.

धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले तरी ते प्रत्यक्षात थोड्याशा सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. प्रवाहाला त्या अरुंद वाटांतूनच जावे लागते आणि तेथे जास्तीचा रोध तयार होतो. हा संपर्करोध. स्वीडनमध्ये जन्मलेले राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या विषयाचा पाया घातला. संपर्करोध वरवर दिसणाऱ्या क्षेत्रफळावर नव्हे, तर दाबावर अवलंबून असतो, हे त्यातले व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारे सूत्र. दाब वाढला की उंचवटे चेपतात, ऑक्साइडचा पातळ थर फुटतो आणि धातू धातूला खरोखर भिडतो. तारेला लांबलचक पीळ देऊन वर टेप गुंडाळल्याने जोड भक्कम झाल्यासारखा दिसतो, पण त्या पिळात दाब टिकवून धरणारे काहीच नसते. तार तापते, प्रसरण पावते, गार होऊन आकसते आणि या रोजच्या हालचालीत पीळ सैल पडत जातो. टेपचे काम विद्युतरोधनाचे आहे. दाब देणे हे त्याचे काम नाही.

सैल जोड किती घातक ठरतो हे साध्या हिशेबातून दिसते. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. जोडाचा रोध १ मिलिओहम असेल तर तेथे एक दशांश वॅटहूनही कमी उष्णता निर्माण होते, म्हणजे हाताला जाणवतही नाही. तोच रोध ०.३ ओहम झाला तर ती उष्णता सुमारे २३ वॅट होते. बाजारात मिळणारी छोटी सोल्डरिंग इस्त्री साधारण २५ वॅटची असते. म्हणजे अशी इस्त्री दिवसातून तासभर भिंतीतल्या बंद पेटीत चालू राहावी, असा हा प्रकार आहे. या वेळी गिझरला मिळणारे व्होल्टेज फक्त अडीच-तीन व्होल्टांनी कमी होते, पाणी पूर्वीसारखेच तापते आणि घरात कोणाला काही कळत नाही. नेहमीच्या पीव्हीसी आवरणाची तापमानमर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. ती ओलांडली की आवरण कडक होते, काळवंडते, पुढे वितळते.

घरातल्या संरक्षक साधनांना हा दोष दिसत नाही. एमसीबी प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडतो, पण सैल जोडात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. आरसीसीबी जमिनीकडे होणारी गळती ओळखतो आणि येथे गळतीही नसते. तांब्याच्या सैल जोडात कधी कधी क्युप्रस ऑक्साइड तयार होत जाते आणि संपर्काचा बिंदू साध्या घरगुती प्रवाहावरही लाल होऊन जळत राहतो. ठिणग्या ओळखणारी एएफडीडी ही साधने आता काही देशांत बसवली जातात, पण ठिणगी न उडता नुसता तापत राहणारा जोड त्यांच्याही नजरेतून सुटू शकतो. आगीच्या बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण सर्रास वाचायला मिळते. पुष्कळदा तो शेवटचा टप्पा असतो: आधी जोड तापतो, मग आवरण वितळते आणि त्यानंतर तारा एकमेकींना टेकतात. म्हणून जोड करतानाची काळजी हेच पहिले आणि सर्वांत खात्रीचे संरक्षण ठरते.

न्यूट्रलचा जोड सैल झाला तर नुकसान एका जागेपुरते राहत नाही. तीन फेजच्या पुरवठ्यात वेगवेगळ्या फेजवरच्या घरांना समान न्यूट्रल असतो. तो तुटला की दोन फेजवरची घरे ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते. एका घरात दिवे मंद होतात आणि त्याच क्षणी शेजारच्या घरातले टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतात. ही गोष्ट चाळीत आणि सोसायट्यांत अनेकांनी अनुभवलेली आहे. मीटरच्या पेटीतला न्यूट्रलचा जोड म्हणूनच इतर कोणत्याही जोडापेक्षा अधिक लक्ष मागतो.

तारायंत्राच्या काळात जोड हातानेच बांधले जात. त्या काळातला वेस्टर्न युनियन जोड हा ओढ सहन करण्यासाठी घडवलेला होता. मॅरीड, ब्रिटानिया, टी, पिग-टेल हे त्याच परंपरेतले जोड आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमात आजही शिकवले जातात आणि हाताला वळण लागण्यासाठी ते उपयोगीही आहेत. मात्र त्यांतल्या बहुतेकांची खरी ताकद पिळानंतर दिलेल्या डाखेत होती. इमारतीत वायरिंग करताना प्रत्येक जोडाला ज्योतीने तापवून डाख देणे वेळखाऊ होते आणि धोक्याचेही. कॅनडातील टोरंटोमध्ये विद्युत कंत्राटदारी करणाऱ्या विल्यम मार यांनी १९१४ मध्ये दाबाने जोडणारा, डाख न लागणारा कनेक्टर तयार केला. ‘मॅरेट’ हे त्याचे नाव कॅनडात आजही सामान्य नामासारखे वापरले जाते. त्यातूनच पुढे पिळून बसवायची टोपी रूढ झाली. प्लॅस्टिकच्या टोपीत शंकूच्या आकाराची धारदार स्प्रिंग असते. टोपी फिरवली की स्प्रिंग तारांवर चढते, थोडी फाकते आणि तांब्यात रुतून कायमचा दाब देत राहते. उत्तर अमेरिकेत ती घरोघरी आहे. भारतात ती फारशी रुजली नाही.

आपल्याकडे जास्त चालते ती स्क्रूची कनेक्टर पट्टी. पीव्हीसीच्या पट्टीत पितळी नळ्या बसवलेल्या असतात, प्रत्येक नळीला दोन स्क्रू असतात आणि हवी तेवढी घरे सुरीने कापून घेता येतात. गिझर, शेगडी, हॅलोजन दिवा अशा तापणाऱ्या उपकरणांसाठी हीच रचना पांढऱ्या पोर्सिलेनमध्ये मिळते आणि अशा ठिकाणी पोर्सिलेनचीच वापरावी, कारण प्लॅस्टिकची पट्टी तेथे मऊ पडते. या प्रकारातील सगळे यश स्क्रू आवळण्यावर असते. ४ मिमी व्यासाच्या स्क्रूसाठी प्रमाणित आवळ १.२ न्यूटन-मीटर आहे. हाताच्या अंदाजाने कधी तो निम्माच लागतो, तर कधी इतका लागतो की बारीक वायरींचे तंतू तुटतात. अनेक तंतूंच्या वायरीवर म्हणून आधी पातळ धातूची टोपी, म्हणजे फेरूल, चेपून मग ती स्क्रूखाली द्यावी. तंतूंवर डाख देऊन टोक कडक करण्याची सवय काही कारागिरांत आहे, ती सोडायला हवी. कथिलाची डाख सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि वर्षभरात तोच स्क्रू सैल झालेला आढळतो.

हा दोष स्प्रिंगने दूर केला. जर्मनीतील मिंडेन येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या वागो या कंपनीने स्प्रिंगच्या जोडसाधनांवर भर दिला आणि १९७७ मध्ये पिंजऱ्यासारखी स्प्रिंग असलेला क्लॅम्प बाजारात आणला. आज वायरमनच्या पिशवीत दिसणारे छोट्या लीव्हरचे पारदर्शक कनेक्टर याच वंशातले. वायरीचे टोक सुमारे ११ मिमी सोलायचे, लीव्हर उचलून टोक आत घालायचे आणि लीव्हर दाबायचा. दाब कारागिराच्या मनगटावर नव्हे, तर स्प्रिंगवर ठरतो आणि तार तापून-आकसून हलली तरी स्प्रिंग तिच्या मागे जाते. टोक पूर्ण आत गेले की नाही हे बाहेरूनच दिसते. घरगुती दुरुस्तीसाठी सध्या हाच सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणता येईल. मात्र ज्यावर तारेचा आकार, प्रवाह आणि व्होल्टेज छापलेले नाही असा कनेक्टर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आतल्या पट्टीची जाडी आणि स्प्रिंगचा पोलाद बाहेरून ओळखता येत नाही.

मोठ्या प्रवाहासाठी चेपून बसवायचा लग किंवा थिंबल वापरतात. अमेरिकेत अंकस व्हिटकर यांनी १९४१ मध्ये स्थापन केलेल्या एएमपी या कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने आणि जहाजांसाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. योग्य मापाच्या साच्यात नळी चेपली की आतले तंतू एकमेकांत दाटून जवळजवळ सलग धातू होतात आणि हवेला शिरायला जागा उरत नाही. त्यासाठी केबलच्या मापाचा थिंबल, थिंबलच्या मापाचा साचा आणि पूर्ण दाब देणारे क्रिम्पिंगचे हत्यार हवे. हातोडीने ठोकून किंवा पक्कडीने दाबून चपटा केलेला थिंबल ओढल्यावर निघत नाही, म्हणून तो पक्का वाटतो, पण आत पोकळी राहते. एकदा चेपलेला थिंबल पुन्हा वापरता येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या तारा जोडणे हे वेगळेच प्रकरण आहे. हवेत येताच तिच्यावर कठीण, वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो. दाबाखाली ती तांब्यापेक्षा सहज सरकते, तापमानाने जास्त प्रसरण पावते (दर अंशाला दहा लाख भागांत सुमारे २३ भाग, तांबे १७), आणि ओलाव्यात तांब्याला थेट टेकली तर झिजते. अमेरिकेत १९६५ ते १९७२ च्या सुमारास घरांत अ‍ॅल्युमिनियमचे वायरिंग मोठ्या प्रमाणावर झाले. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार अशा घरांतील जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांच्या ५५ पट होती. आपल्याकडे जुन्या इमारतींत अशा तारा अजून सापडतात आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस केबल तर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचीच असते. तिला तांब्याची वायर पिळून लावणे सर्वथा चूक. तेथे दोन्ही धातूंचा बायमेटॅलिक लग हवा, टोक घासून त्यावर ऑक्साइड रोखणारी पेस्ट हवी. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत ही काळजी दुपटीने घ्यावी लागते.

उघड्या वाहिन्यांवर वीझल, रॅबिट, डॉग अशा प्राण्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पोलादी गाभ्याच्या अ‍ॅल्युमिनियम तारा असतात. खांबावर एका तारेतून दुसरीकडे वीज नेणारा तुकडा म्हणजे जम्पर. तो हाताने गुंडाळून बांधला तर पहिल्या वादळी पावसात निखळतो, म्हणून दोन खाचांच्या पीजी क्लॅम्पमध्ये बोल्टने आवळतात. ओढ सहन करणाऱ्या मधल्या जोडात पोलादी गाभ्याला वेगळी आणि अ‍ॅल्युमिनियमला वेगळी नळी चेपली जाते. आवरण असलेल्या एरिअल बंच केबलवर दातेरी कनेक्टर बसतो. त्याचे दात आवरण भेदून तारेपर्यंत पोहोचतात, त्यामुळे केबल सोलावी लागत नाही. त्याच्या बोल्टचे वरचे डोके ठरलेल्या आवळीला आपोआप तुटते. खांबावर चढलेल्या लाइनमनला अंदाज करावा लागत नाही, हा या रचनेचा मोठा गुण. उपकेंद्रांत उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तापलेले जोड चालू पुरवठ्यातच शोधले जातात.

शेतीपंपाच्या बाबतीत सैल जोडाची किंमत शेतकरी मोजतो. स्टार्टरच्या टर्मिनलवर किंवा पेटीत एका फेजचा जोड जळाला की तीन फेजची मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, प्रवाह वाढतो आणि ओव्हरलोड रिले नीट बसवलेला नसेल तर वाइंडिंग जळते. हे सिंगल फेजिंग. बोअरमधल्या सबमर्सिबल मोटरच्या चपट्या केबलचा जोड तर कायम पाण्यात असतो. तेथे तिन्ही तारांचे जोड एका रेषेत न ठेवता मागेपुढे ठेवावेत, प्रत्येक तार नळीसारख्या बट कनेक्टरमध्ये चेपावी आणि त्यावर आतून चिकट लेप असलेली, उष्णतेने आकसणारी नळी दोन्ही बाजूंच्या आवरणावर पुरेशी जाईल अशी बसवावी. मोटर खाली सोडण्याआधी जोड बादलीतल्या पाण्यात बुडवून मेगर या उपकरणाने विद्युतरोधनाचा रोध मोजला, तर पुन्हा पाइप काढण्याचा खर्च वाचतो.

घरगुती कनेक्टरांसाठी आयईसी ६०९९८ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. त्यांत स्क्रूचे, स्प्रिंगचे, आवरण भेदणारे आणि पिळून बसवायचे अशा प्रकारांना स्वतंत्र भाग आहेत. भारतात इमारतींच्या वायरिंगसाठी आयएस ७३२ ही संहिता लागू पडते. कनेक्टर कोणताही असला तरी तो पेटीत, उघडून तपासता येईल अशा जागी असावा. भिंतीतल्या पाइपात जोड दडवू नये.