फिटच्या गोळ्या चालू आहेत? ऊसतोडीला निघण्याआधी हे वाचा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, केज, धारूरकडून टोळ्या निघतात. फिटच्या (मिरगीच्या) गोळ्या सोबत नेताना डॉक्टरांची चिठ्ठीही न्या. कारखान्याच्या गावी तेच औषध वेगळ्या नावाच्या पट्टीत मिळतं. मग जुनी पट्टी आणि नवी पट्टी, दोन्ही चालू राहतात आणि डोस नकळत दुप्पट होतो.

डोस जास्त झाला की आधी झोप येते, तोल जातो, बोलणं अडखळतं. हे घरच्यांना दिसतं. रक्तावरचा परिणाम मात्र लवकर कळत नाही, म्हणून हे पत्रक.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाचं प्रमाण वाढलं की प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात. एरवी त्या दर मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख असतात. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मार न लागता काळेनिळे डाग, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव: यातलं काहीही दिसलं तर सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करून घ्या. या गोळीसोबत अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन मनानं घेऊ नका.

कार्बामाझेपिन या फिटच्या दुसऱ्या औषधानं काहींच्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यातल्या बहुतेकांच्या थोड्याच कमी होतात आणि सावरतात. क्वचित हाडातली मज्जाच पेशी बनवणं थांबवते, आणि हे बरोबर डोस घेणाऱ्यालाही होऊ शकतं. ताप, घसादुखी, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फडातल्या कामाचा ताप म्हणून अंगावर काढू नका.

फेनिटोइन हे फिटचं तिसरं औषध वर्षानुवर्षं चालू असेल तर फोलेट (रक्त बनायला लागणारं जीवनसत्त्व) कमी होऊन रक्त घटू शकतं. बायका हा थकवा कामाचाच समजतात, याची आम्हाला फार काळजी वाटते. या औषधाचा डोस थोडा वाढला तरी रक्तातली पातळी एकदम चढते. ती साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली असावी. टीबीच्या आयसोनियाझिडनंही ती वाढते, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं दाखवा. लेकराचं सिरप असेल तर बाटली दर वेळी नीट हलवा आणि मापानंच द्या. न हलवल्यास औषध तळाशी बसतं आणि शेवटचे डोस कडक जातात. पातळीच्या तपासणीचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं.

गोळी विसरली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका. त्रास झाला तरी गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका, फिट थांबेनाशी होऊ शकते. फिट पाच मिनिटांच्या वर चालली किंवा कुणी जास्त गोळ्या गिळल्या तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, रिकामी पट्टी दवाखान्यात सोबत न्या.